‘जळली’ म्हणू नको, काय झालं ते सांग: लातूरकडून गेम कंपनीत जाताना

औशाला आमचं मोटार वायंडिंगचं दुकान. उन्हाळा लागला की सकाळी सातलाच दारात चार-पाच मोटारी येऊन पडायच्या आणि प्रत्येक शेतकऱ्याचं पहिलं वाक्य एकच असायचं, "आप्पा, मोटार जळली बगा." आप्पा मोटार उघडायच्या आधी त्याला बाकड्यावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायला सुरुवात करायचे. कधी बंद पडली? लाइट रात्रीची होती का दिवसाची? स्टार्टरचा आवाज कसा आला? बोअरला पाणी होतं का? या महिन्यात फ्यूज किती वेळा गेला? माणूस वैतागायचा, "उघडून बगा की आता." आप्पांचं उत्तर ठरलेलं, "जळली म्हणू नको, काय झालं ते सांग." कारण तीनपैकी एक फेज गेली आणि मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहिली तरी ती जळते, बोअरचं पाणी संपून कोरडी फिरली तरी जळते, बेअरिंग धरलं तरी जळते. वायंडिंग तिन्ही वेळा भरून देता येतं. पण कारण कळलं नाही तर तीच मोटार पंधरा दिवसांत परत दारात येते.

मी अकरा वर्षं झाली, पुण्यात गेमच्या कामात आहे. पहिली साडेचार वर्षं गेममधल्या चुका शोधणारी टेस्टर होते, तिथून पुढं गेम डिझायनर. दिवाळीला घरी गेले की लातूर, निलंगा, उदगीरकडची पोरं-पोरी भेटायला येतात. "ताई, मी बीजीएमआयमध्ये कॉन्कररला आहे, तुमच्या कंपनीत काही जमंल का?" (बीजीएमआय म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, कॉन्करर ही त्यातली सगळ्यांत वरची पायरी.) कुणी बारावीचं, कुणी बीसीएस करणारं, एखादी पोरगी नीटचे दोन प्रयत्न देऊन थकलेली. त्यांना दरवेळी ओसरीवर बसून जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

एक गोष्ट आधी मोकळी करते, कारण घरचे तिथंच अडतात. ‘गेमिंग’ हा एक शब्द आपल्याकडं तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतात. स्पर्धेत उतरून किंवा यूट्यूबवर दाखवून खेळणं ही एक. पैसे लावून रमी-फँटसी खेळणं ही दुसरी. गेम तयार करणं ही तिसरी, आणि माझं काम ते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. त्यानंतर माझ्या मामानं काळजीनं फोन केला, "तुझी कंपनी बंद झाली का गं?" ती बंदी पैसे लावायच्या गेम्सवर आहे, बाकीचे गेम तयार करणाऱ्या स्टुडिओंवर नाही. घरी हे शांतपणे, पहिल्याच दिवशी समजावून सांगा. आणि जाहिरातीत ‘गेमिंग कंपनी’ लिहिलं असेल तर ती नक्की काय करते, तिचे कोणते गेम बाजारात आहेत, हे बघून मगच अर्ज करा.

"मला गेममध्ये काम करायचंय" हे "मला सिनेमात काम करायचंय" म्हणण्यासारखं आहे. कॅमेऱ्यामागं किती जण असतात! इथंही प्रोग्रामर असतात, चित्रं आणि थ्रीडी मॉडेल करणारे, त्यांना चालवणारे ॲनिमेटर, आवाजवाले, नियम आणि पातळ्या रचणारे डिझायनर, सगळ्यांचं वेळापत्रक सांभाळणारा प्रोड्यूसर, भाषांतर तपासणारे, गेम बाजारात आल्यावर खेळाडूंचे आकडे बघणारे. आणि टेस्टर. ज्याच्याकडं ना मोठी पदवी ना ओळख, त्याला आत यायला टेस्टिंगचं दार सगळ्यांत जवळचं आहे. मी तिथूनच आले, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिणार. ज्याला चित्रकला येते त्यानं टेस्टिंगच्या मागं लागू नये, सरळ ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकावं. ते फुकट आहे आणि त्यावर स्टुडिओत खरं काम होतं.

आधी बघायला शिका

फोनमध्ये रोज खेळता तोच एक गेम घ्या. आठ दिवस तो जिंकायला खेळू नका, मोडायला खेळा. लोडिंग चालू असताना घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करा. मध्येच चार्जर लावा, काढा. बॅटरी पाच टक्क्यांवर आली की खेळा. एकच बटण दोन बोटांनी एकदम दाबा. फोनची तारीख एक दिवस पुढं ढकला आणि रोजचं बक्षीस परत मिळतंय का बघा. फोनचा फाँट सगळ्यांत मोठा करा आणि अक्षरं चौकटीबाहेर पडतात का बघा. स्टोरेज गच्च भरा आणि मग अपडेट घ्या.

दरवेळी काय झालं ते वहीत लिहा. "हँग झाला" एवढंच लिहू नका, ते "मोटार जळली" म्हणण्यासारखं आहे. चित्र थांबलं पण गाणं चालू राहिलं? गाणंही थांबलं? बटणाचा रंग बदलला पण पुढं काही घडलं नाही? गेम आपोआप बंद होऊन होम स्क्रीन आली? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि प्रोग्रामर ती चार वेगळ्या ठिकाणी शोधतो. तुम्ही नेमकं सांगितलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. टेस्टरची किंमत त्या अर्ध्या दिवसावर ठरते.

नाणी फुकट मिळवायची फट सापडली तर ती ग्रुपवर पसरवू नका. कंपनीच्या सपोर्टला कळवा आणि ती मेल जपून ठेवा. हॅक विकणाऱ्याला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही.

आता एक बग, म्हणजे गेममधली चूक, जवळून दाखवते. २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. मी कंत्राटी टेस्टर होते, पगार १४,००० रुपये. परवानगी घेऊन ऑफिसचा टेस्टिंगचा फोन सोबत घेतला आणि रात्रीच्या एसटीनं गावाकडं निघाले. आमच्या गेममध्ये एक जाहिरात बघितली की ५० नाणी मिळायची. बार्शी सोडली, येडशीच्या पुढं रेंज येत-जात होती. जाहिरात संपली, मी क्रॉस दाबला आणि तेवढ्यात रेंज गेली. गोल चक्र फिरत राहिलं. रेंज आल्यावर बघते तर १०० नाणी जमा! आधीचा आकडा मी लिहून ठेवला नव्हता, त्यामुळं खात्री नव्हती. मग तिकिटाच्या मागं आकडा लिहिला आणि पुन्हा केलं. मुरूड येईपर्यंत आणखी एकदा तसंच झालं.

एसटीतली रेंज काही माझ्या हातात नव्हती. पण औशाला घरी पोचल्यावर विमान मोडचं बटण माझ्याच हातात होतं. क्रॉस दाबल्या दाबल्या विमान मोड लावला तर काही होत नव्हतं. तीन सेकंदांनी लावला तरी काही नाही. साधारण एका सेकंदानं लावला की मात्र नाणी दुप्पट! दहा वेळा केलं, सात वेळा झालं. आत घडत होतं ते असं: फोनचा निरोप सर्व्हरला (कंपनीच्या कॉम्प्युटरला) पोचत होता, सर्व्हर नाणी जमा करत होता, पण ‘पोचलं’ असं त्याचं उत्तर परत यायच्या आत रेंज जात होती. फोनला वाटायचं, निरोप गेलाच नाही, म्हणून रेंज आली की तो परत पाठवायचा. निरोपाला स्वतःचा क्रमांक नव्हता, त्यामुळं हा तोच जुना निरोप आहे हे सर्व्हरला कळायला मार्गच नव्हता. पुण्यातल्या ऑफिसात वायफाय कधी जातच नव्हतं, म्हणून चार महिने तो बग कुणाला दिसला नव्हता.

तेव्हा लिहिलेला रिपोर्ट साधारण असा होता. तुम्हीही याच साच्यात लिहा:

शीर्षक: जाहिरात बंद करताना नेटवर्क गेल्यास बक्षिसाची नाणी दोनदा जमा होतात.
कुठं: टेस्टिंगचा अँड्रॉइड ६ चा फोन, २ जीबी रॅम, मोबाइल डेटा, सोबत बिल्डचा (गेमच्या त्या वेळच्या आवृत्तीचा) क्रमांक.
पायऱ्या: १) नाण्यांचा आकडा लिहून ठेवा. २) बक्षिसाची जाहिरात पूर्ण बघा. ३) क्रॉस दाबा. ४) साधारण एका सेकंदानं विमान मोड लावा. ५) दहा सेकंदांनी काढा.
काय व्हायला हवं: ५० नाणी वाढावीत.
काय होतं: १०० नाणी वाढतात.
किती वेळा: १० पैकी ७.
सोबत: ४० सेकंदांचा व्हिडिओ.

बघा, यात कुठंही "बहुतेक", "असं वाटतं", "गंभीर चूक" नाही. कारण काय असावं याचा अंदाज असला तर तो सगळ्यांत खाली, वेगळा, एका ओळीत लिहायचा. वर फक्त जे डोळ्यांनी दिसलं तेच. आणि शीर्षक असं हवं की तीनशे शीर्षकांच्या यादीतून ते एकट्यानं समजलं पाहिजे.

हा कागद मी तेव्हा आप्पांना वाचून दाखवला होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "फोन तापला होता का?" मी ते लिहिलंच नव्हतं. या बगचा तापण्याशी संबंध निघाला नाही, पण तेव्हापासून माझ्या साच्यात फोन किती गरम आहे आणि बॅटरी किती आहे या दोन ओळी कायम आहेत. त्यातून पुढं कितीतरी सापडलं. फोन तापला की आतली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलीसेकंद मिळतात. चिप मंदावली आणि त्याच चित्राला २५ मिलीसेकंद लागायला लागले की ६० ची ४० होतात आणि गेम अडखळतो. एसी ऑफिसात हे दिसत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली, दोन वर्षं जुन्या फोनवर, वीस मिनिटं खेळल्यावर दिसतं. देशातले कितीतरी लोक असेच खेळतात. लातूरच्या पोराला वाटतं, आपल्याकडं साधनं नाहीत. तुमच्याकडं तापलेला फोन आहे, जाणारी रेंज आहे, भरलेलं स्टोरेज आहे. ते वापरा.

एक छोटा गेम शेवटपर्यंत न्या

टेस्टर व्हायचं असलं तरी स्वतःचा एक गेम करून बघाच. डिझायनर किंवा प्रोग्रामर व्हायचं असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही. पहिलाच गेम ‘पबजीसारखा, पण मराठ्यांचा’ असं मनात असेल तर ते वहीत लिहून ठेवा आणि दहा वर्षांनी उघडा. शंभर जणांना चार वर्षं लागणारं काम एकट्याचं नसतं. एक स्क्रीन, एक बोट, दोन मिनिटांचा डाव, एवढंच घ्या.

हत्यार, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणून मी ‘गोडो’ सांगते. २०१४ मध्ये तो मुक्त स्रोत म्हणून खुला झाला. पूर्ण फुकट, पुढं गेम विकलात तरी कुणाला हिस्सा द्यायचा नाही. डाउनलोड शंभर एमबीच्या आसपास, मोबाइलच्या डेटावर उतरतो. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. नवा प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र काढणारा भाग) विचारतो, तिथं ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा. साध्या लॅपटॉपवर आणि ब्राउझरमध्ये तोच चालतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये युनिटी आणि अनरिअल ही मोठी नावं आहेत, आणि नोकरीच्या जाहिरातीत तीच जास्त दिसतील. युनिटीला सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, अनरिअलला सी प्लस प्लस किंवा त्यांचं ब्लूप्रिंट (कोड न लिहिता चौकटी जोडायची पद्धत). पण दोन्हींना मोठी डिस्क लागते, आणि अनरिअलला बरा ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप. गोडोत एक गेम संपवून मग युनिटीत जा. गेम म्हणजे काय हे तोवर कळलेलं असतं, त्यामुळं दुसरं हत्यार पटकन हातात बसतं.

विषय कुठून आणायचा? गल्लीतून. माझा पहिला पूर्ण झालेला गेम टँकरचा होता. २०१६ च्या त्या सुट्टीत आमच्या गल्लीत टँकर आला की बायका पाइप धरायला धावायच्या. ड्रम, घागरी, हंडे आधीच ओळीत लावलेले. टँकर दहा मिनिटंच थांबणार. एक ड्रम भरत आला की पाइप वेळेत पुढच्या ड्रममध्ये टाकायचा. उशीर झाला तर पाणी रस्त्यावर, घाई केली तर ड्रम अर्धा. हे सगळं गेममध्ये बसण्यासारखं होतं: वेळ मर्यादित, एक निवड, चूक झाली की तिची किंमत डोळ्यांपुढं वाहताना दिसते. २०१८ मध्ये गोडोत तो करायला घेतला, संध्याकाळी आणि रविवारी, पाच महिने लागले.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं: तो दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. मी औशाला शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला. मी गेम असा केला होता की ज्या ड्रममध्ये पाणी हवं त्या ड्रमवर टिचकी मारायची. पुण्यातल्या मित्रांना ते लगेच कळलं होतं. काकूंनी पाइपच्या तोंडावर बोट ठेवलं आणि ओढायला लागल्या. पाइप हलेना. परत ओढला. "अडकलाय बग कुठंतरी," म्हणाल्या. माझ्या ओठावर आलं होतं, काकू, ड्रमवर दाबा. मी बोलले नाही. त्यांनी चार वेळा पाइप ओढला, मग फोन परत दिला. त्या चार वेळांनी मला जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नसतं. ज्यांनी आयुष्यभर पाइप ओढला त्यांचं बोट पाइपवरच जाणार. दुसऱ्या दिवशी मी टिचकी काढून टाकली आणि पाइप ओढायचा केला. महिन्यानं काकूंनी न विचारता तीन डाव खेळले. पुण्यातल्या मित्रांनाही तोच जास्त आवडला.

खेळणाऱ्याला समजावू नका, कारण बाजारात गेल्यावर प्रत्येकाच्या शेजारी तुम्ही बसणार नाही. बोट आधी कुठं जातं, डोळे कुठं अडतात, उसासा कधी येतो, हे लिहा. "कसा वाटला?" विचारू नका, आपली माणसं चांगलाच म्हणतात. "मगाशी तिथं थांबलात, तेव्हा काय वाटलं होतं?" असं विचारा.

याच गेममधली एक चूक सांगते, प्रोग्रामिंग करणाऱ्यांना उपयोगी पडेल. २०२१ मध्ये मामेभावानं नवा फोन घेतला आणि त्यावर माझे ड्रम दुप्पट वेगानं भरायला लागले! त्याच्या फोनचा स्क्रीन सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा होता. मी प्रत्येक चित्राला ठरावीक पाणी वाढवत होते. ६० च्या फोनवर आठ सेकंदांत भरणारा ड्रम १२० वर चार सेकंदांत भरत होता. गोडो दर चित्राला ‘डेल्टा’ देतो, म्हणजे मागच्या चित्रापासून किती वेळ गेला तो आकडा. वेगाला त्यानं गुणलं की कुठल्याही फोनवर ड्रम आठ सेकंदांतच भरतो. हे पहिल्या दिवसापासून करा.

लाइटचं काय, हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर काम गिटवर (केलेल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवायची सवय लावा आणि दर अर्ध्या तासाला कमिट करा, म्हणजे तोवरचं काम त्यात नोंदवा. काय बदललं ते सोबत एका ओळीत लिहा. पुढं स्टुडिओत हीच शिस्त पहिल्या आठवड्यात विचारतात.

एकट्यानं सुचत नसेल तर गेम जॅममध्ये उतरा. ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून दर जानेवारीत होतो. ठरलेल्या विषयावर ४८ तासांत गेम करायचा. एक प्रोग्राम करणारा, एक चित्रं काढणारी, एक आवाज आणि टेस्टिंग बघणारा, असे तिघं लातूरच्या एका खोलीतही बसू शकतात. घड्याळ समोर असलं की काय छाटायचं ते कळतं, आणि ते कळणं म्हणजे अर्धं डिझाइन.

मराठी अक्षरं तपासता येणं हे कौशल्य आहे

हे फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून वेगळं सांगते. गेम आता भारतीय भाषांमध्ये येतात आणि त्यांची भाषा तपासणारे टेस्टर लागतात. देवनागरी बऱ्याच ठिकाणी मोडते. ‘किल्ला’ मधली पहिली वेलांटी क च्या आधी यायला हवी, ती नंतर जाऊन बसते. जोडाक्षर फुटून मध्ये हलंत दिसतो. युनिटीत अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये हा त्रास नेहमीचा आहे, त्यासाठी वेगळा उपाय जोडावा लागतो. गोडो ४ मध्ये अक्षरं जोडायची यंत्रणा आतच आहे, तिथं देवनागरी नीट दिसते.

त्याहून बारीक चूक फक्त मराठी माणसालाच दिसते. हिंदीवरून आलेल्या फाँटमध्ये किंवा टायपिंगमध्ये आपला ऱ्य हरवतो. नकाशावर ‘दऱ्या’ लिहायचं असतं आणि छापलं जातं ‘दर्या’. डोंगरातला खेळाडू समुद्र शोधत बसेल! तसंच, ‘तुम्हाला ५ नाणी मिळाली’ हे वाक्य प्रोग्राममध्ये आकडा रिकामा ठेवून लिहितात. आकडा १ झाला की ‘तुम्हाला १ नाणी मिळाली’. तिथं ‘१ नाणं मिळालं’ हवं, म्हणजे वाक्याची दोन रूपं ठेवायला प्रोग्रामरला सांगायला हवं. मराठी उपलब्ध असलेला एखादा गेम मराठीत लावा, अशा दहा चुका शोधा, फोटोसकट वरच्या साच्यात लिहा. हा दहा पानांचा कागद तुमच्या बायोडेटापेक्षा जास्त बोलेल.

दाखवायचं काय आणि कुणाला

एक साधं पान करा. त्यावर तीनच गोष्टी: तुमचा छोटा गेम, उत्तम लिहिलेले पाच बग रिपोर्ट, आणि एखाद्या गेमच्या एका पातळीचं तुम्ही केलेलं विश्लेषण. गेम ‘इच डॉट आयओ’ या वेबसाइटवर फुकट ठेवता येतो आणि ब्राउझरमध्ये चालेल असा टाकला तर बघणाऱ्याला डाउनलोड करावा लागत नाही. माणूस मिनिटभरच बघणार आहे हे धरून चाला. गेमचा पहिला अर्धा मिनिट नीट असू द्या.

प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे: गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले राहायला हवेत. गावात बारा माणसं जमवणं अवघड नाही, चौदा दिवस टिकवणं अवघड आहे. मी व्हॉट्सॲपवर ग्रुप करून रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारत होते, "आज कुठं अडलात?" त्यातून उत्तरंही मिळाली. स्टीमवर (कॉम्प्युटरवरच्या गेम्सचं ऑनलाइन दुकान) प्रत्येक गेमला १०० डॉलर लागतात, ते पहिल्या गेमला नको.

इंग्रजीची भीती घालवायची तर रिपोर्ट इंग्रजीत लिहायला लागा. टीममध्ये चार प्रांतांची, कधी चार देशांची माणसं असतात, त्यामुळं लेखी इंग्रजी लागतंच. पण ते छोट्या वाक्यांचं असतं. कोण, काय केलं, काय झालं. रोज एक रिपोर्ट, साठ दिवस. बोलणं त्यामागून येतं.

पुण्यात काम आहे. यूबीसॉफ्टचा स्टुडिओ तिथं २००८ पासून आहे. ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा गेम नॉडिंग हेड्स या पुण्याच्या छोट्या टीमनं केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न जमला नाही, तरी २०२० मध्ये गेम आला आणि तो निन्टेन्डो स्विचवर जगभर खेळला गेला. ‘इंडस’ हा गेम करणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. अशा स्टुडिओंच्या वेबसाइटवरचं नोकरीचं पान दर सोमवारी स्वतः उघडून बघा. एजंटामार्फत जाऊ नका. गेम डेव्हलपरांची मोठी परिषद, आयजीडीसी, बरीच वर्षं हैदराबादला भरली. ठिकाण दरवर्षी बघून घ्या. उदगीर-लातूरकडून हैदराबाद काही पुण्यापेक्षा परकं नाही. जाताना फोनमध्ये तुमचा गेम चालू स्थितीत असू द्या आणि भेटलेल्या माणसाच्या हातात द्या. बोलण्याची सुरुवात तो गेमच करतो.

पैसे भरताना आणि सही करताना

माझ्या चुलत बहिणीच्या मुलानं एका इन्स्टिट्यूटला दीड लाख भरले, एका वर्षाच्या गेम डिप्लोमासाठी. शिकवणाऱ्यांपैकी एकानंही कधी गेम बाजारात आणला नव्हता. शेवटी सगळ्या मुलांच्या हातात एकच प्रोजेक्ट होता, फक्त रंग बदललेले. भावजींनी त्यासाठी सोयाबीन भाव नसताना विकलं. मला अजून त्याचा राग येतो. म्हणून फी भरायच्या आधी दोन गोष्टी मागा: शिकवणाऱ्यांनी कोणत्या गेमवर काम केलं त्याची नावं, आणि मागच्या वर्षीच्या मुलांचे चालणारे गेम. टाळाटाळ झाली तर उठून या. नोकरी देतो म्हणून अनामत मागणारा कुणीही असो, त्याला एक रुपया देऊ नका.

मुलाखतीआधी घरी करायला काम देतात, ते रीतसर आहे. एक-दोन दिवसांचं असेल तर मनापासून करा. दोन आठवड्यांचं, आणि त्यांच्याच चालू गेमसाठीचं असेल तर पैसे विचारा. विचारल्यानं कुणी वाईट समजत नाही, आणि समजलं तर ती जागा तुमची नव्हे.

पहिली नोकरी बहुधा कंत्राटी असेल. माझीही होती. दर महिन्याला कागद नवा व्हायचा. गेम बाजारात यायच्या आधीचे पाच आठवडे आम्ही रोज बारा-बारा तास बसलो, जास्तीचे पैसे मिळाले नाहीत. गेम आला तेव्हा शेवटी वर सरकणाऱ्या नावांमध्ये आम्हा सात टेस्टरांपैकी एकाचंही नाव नव्हतं. आई शेजारी बसून बघत होती, तिनं दोनदा विचारलं, "तुझं कधी येणार?" तेव्हा आम्ही काही विचारलंच नव्हतं आणि कागदावर काहीच नव्हतं.

तुम्ही विचारा, सही करायच्या आधी. कंत्राट किती महिन्यांचं आणि संपायच्या किती दिवस आधी सांगणार. आठवड्याचे तास किती, आणि त्यापुढं बसलं तर मोबदला काय. रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय आहे का. पोरींनी हे पहिल्याच भेटीत विचारावं. कंत्राटी माणसाचं नाव गेमच्या नामावलीत येतं का, आणि गेम यायच्या आधी काम सोडलं तरी येतं का. उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी मेल करा: "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे," आणि खाली एकेक मुद्दा. समोरून फक्त "हो" एवढं आलं तरी ती मेल जपून ठेवा.